पावसाळ्यात अर्धा दर लावला, तर किती खोल्या भरायला हव्यात?

जून उजाडला की मालवणहून तारकर्लीला जाताना रस्त्याकडेला फलक दिसू लागतात: 'पावसाळी ऑफर, ५० टक्के सूट'. माझ्या मामेभावाच्या पाच खोल्या याच पट्ट्यात आहेत. यंदा त्यानेही तसाच फलक रंगवायला टाकला, तेव्हा मी म्हटलं, थांब, आधी वही काढ.

खोली रिकामी राहण्यापेक्षा अर्ध्या पैशात गेलेली बरी, असा सगळ्यांचा समज. त्यात तथ्य आहे. न खपलेले काजू डब्यात राहतात, न खपलेली रात्र मात्र सकाळी संपलेली असते. कर्जाचा हप्ता, घरपट्टी, कामाच्या माणसाचा पगार, हे पाहुणा आला काय, न आला काय, द्यायचंच असतं. एका पाहुण्यापायी जो खर्च नव्याने वाढतो, त्याला अर्थशास्त्रात सीमांत खर्च म्हणतात. तो भागला की वरचा रुपया कमाईचा.

पण हाच खर्च पावसात फुगतो. मे महिन्यात चादरी खळ्यात दोन तासांत कडक सुकतात. जुलैत त्याच चादरी पडवीत दोरीवर तीन-तीन दिवस लोंबतात, तरी कुबट वास जात नाही. वहिनी रात्री त्यांवर इस्त्री फिरवत बसते. वीज गेली की जनरेटरला डिझेल. वहीप्रमाणे एका खोलीमागे मेमध्ये रोज ५०० रुपये जातात, जुलैत ७००.

आता दर २५०० धरा. पूर्ण दराने खोली गेली तर १८०० सुटतात. अर्ध्या दराने १२५० वजा ७००, म्हणजे ५५०. दर निम्मा झाला, पण हाती उरणारी रक्कम एक तृतीयांशाच्याही खाली गेली. सूट न देता पावसाळ्यात रोज सरासरी एक खोली जात असेल, तर तेवढेच पैसे मिळवायला सवलतीत तीन खोल्याही पुरत नाहीत. तीन गेल्या तर १६५०. चौथी भरली तरच फायदा. कारण जो येणारच होता, त्यालाही आपण सूट देऊन बसतो.

यापुढचा भाग मला सगळ्यात जवळचा. १९७४ साली एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवायचं. ते १० किंवा ६५ वरच थांबेल अशी आधीच सोय केलेली. मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देश किती टक्के? १० पाहिलेल्यांच्या उत्तरांचा मध्य निघाला २५, ६५ पाहिलेल्यांचा ४५. चक्राचा प्रश्नाशी काडीचा संबंध नव्हता, तरी पहिला आकडा डोक्यात नांगर टाकून बसला. दरांचंही तसंच होतं. 'खोली १२५०' हा फलक जूनभर पाहिलेल्या माणसाच्या मनात तीच खोलीची किंमत ठरते. नोव्हेंबरात २५०० ऐकल्यावर त्याला सूट संपली असं वाटत नाही, आपल्याला लुटतायत असं वाटतं. आणि तोटा फायद्यापेक्षा जास्त बोचतो, हेही याच दोघांनी १९७९ मध्ये मांडलं. कानेमन यांना २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ट्वर्स्की तोवर हयात नव्हते.

मुळात माणसं दरामुळे थांबलेली असतात का, हेही पाहायला हवं. शाळा सुरू झालेल्या असतात. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद, पाण्यावरचे खेळ बंद. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, म्हणून ताटात ताजी सुरमई नाही. खोल्या आषाढात रिकाम्या राहतात त्या यामुळे. खोल्या भरत नाहीत म्हणून वास्तुदोष काढायला दारं हलवणाऱ्यांनी तेच पैसे गळकी कौलं परतवायला घातले असते, तर निदान पाहुण्याचं अंथरूण कोरडं राहिलं असतं.

म्हणून दराला हात न लावता अट घालावी, असं माझं मत. १९७७ साली अमेरिकन एअरलाइन्सने 'सुपर सेव्हर' तिकिटं काढली ती अशीच: आगाऊ बुकिंग आणि किमान मुक्काम. घाईने कामाला निघालेला प्रवासी पूर्ण भाडं देतच राहिला, सवड असलेला नवा प्रवासी स्वस्तात आला.

मामेभावाने फलक पुन्हा रंगवला: 'खोली २५०० रुपये. सोमवार ते गुरुवार दोन रात्री राहिलात, तर तिसरी रात्र आमच्याकडून.' तीन रात्रींचे ५०००, त्यातून २१०० खर्च गेला की २९०० उरतात; अर्ध्या दरात तीन रात्रींचे १६५० उरले असते. पावतीवर दर २५०० चाच राहतो. फलकाखाली वहिनीने खडूने लिहिलंय: टाकळ्याची भाजी, तांदळाची भाकरी, आणि मिळाल्या तर कुर्ल्या.