चीनमधली ती ‘गुणपत्रिका’

‘चीनमध्ये सरकार प्रत्येकाला गुण देतं, सिग्नल तोडला की कापतं’ हा फॉरवर्ड कित्येक वर्षं फिरतोय. देशभर लागू असा एकच आकडा तिथे नाहीच. (कॅमेऱ्यांची पाळत भरपूर आहे, तो विषय वेगळा.) शानतोंग प्रांतातल्या रोंगचंग शहराने १००० गुणांपासून सुरू होणारा स्थानिक प्रयोग केला, २०१५ मध्ये आलेला ‘झीमा’ गुणांक खासगी कंपनीचा, आपल्याकडे कर्ज देताना बघतात त्या सिबिलच्या वळणाचा. या सगळ्याची खिचडी झाली. खरा चाप कोर्टाच्या यादीचा. ऐपत असून कोर्टाने निकालात द्यायला सांगितलेले पैसे बुडवले की त्या यादीत नाव चढतं. मग विमानाचं तिकीट मिळत नाही, बुलेट ट्रेनचंही नाही. साध्या गाडीच्या बाकावर रात्रभर अवघडून खुशाल जा. पैसे चुकते केले की नाव निघतं.