मॅटर आणि थ्रेड: निरोप कुठला, निरोप्या कोण

स्मार्ट घराचं सामान, म्हणजे फोनवरून चालणारे बल्ब, प्लग वगैरे, घ्यायला गेलं की बल्बच्या खोक्यावर मॅटरचा लोगो, प्लगच्या खोक्यावर पण मॅटर, दाराच्या सेन्सरवर मॅटर आणि त्याच्या बाजूला थ्रेड असं दोन्ही, आणि एखाद्या कंट्रोलरच्या, म्हणजे या सगळ्यांना हुकूम देणाऱ्या डब्याच्या, माहितीत लिहिलेलं "मॅटर कंट्रोलर, थ्रेड बॉर्डर राउटर". एवढं वाचून कुणालाही वाटेल की ही एकाच गोष्टीची दोन नावं असणार, नाहीतर एक जुनं व्हर्जन आणि एक नवं. मीही बरेच दिवस तसंच समजून चाललो होतो. मग एकदा प्लग जोडला, मिनिटभरात झाला, आणि लगेच त्याच कंट्रोलरला दाराचा सेन्सर जोडायला घेतला तर तो काही केल्या जोडलाच जाईना. दोन्हीवर लोगो तोच. तीनदा रिसेट मारला, बॅटरी काढून घातली, फोन बंद चालू केला, आणि मग शेवटी कळलं की माझ्या कंट्रोलरमध्ये थ्रेडचा रेडिओच नव्हता. प्लग वायफायवर चालणारा होता म्हणून जोडला गेला. सेन्सर बिचारा ठीकच होता, त्याचं बोलणं ऐकू येईल असा कान घरात कुठेच नव्हता.

तर हे दोन वेगळे आहेत, आणि माझ्या डोक्यात ते असे बसलेत: थ्रेड हा निरोप्या आहे, म्हणजे निरोप नेणारं वायरलेस नेटवर्क, आणि मॅटर हा निरोप आहे, म्हणजे डिव्हाइसची बोलायची ठरलेली भाषा. निरोप्या इकडून तिकडे जातो, पण निरोपात काय लिहिलंय ते त्याला माहीत नसतं आणि माहीत असायची गरजही नसते. आणि निरोपाला कोण घेऊन आला याच्याशी काही देणंघेणं नसतं, थ्रेड आणो, वायफाय आणो नाहीतर सरळ इथरनेटची वायर आणो.

आधी निरोप्याचं बघू. थ्रेड ग्रुप २०१४ मध्ये सुरू झाला, म्हणजे थ्रेड हा मॅटरपेक्षा चांगला पाचेक वर्षांनी मोठा आहे. खालचा रेडिओ ८०२.१५.४ नावाचा, २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा, स्पीड सेकंदाला २५० किलोबिट, म्हणजे व्हिडिओबिडिओ विसरा, "दार उघडलं", "तापमान २६" एवढंच. झिगबी, म्हणजे स्मार्ट घराची आधीपासूनची एक वायरलेस पद्धत, ती पण हाच रेडिओ वापरते, म्हणून लोकांना वाटतं की झिगबीचा बल्ब थ्रेडवर चालेल, पण नाही चालत, रेडिओ एक असला तरी वरचं सगळं वेगळं. थ्रेडची खरी गंमत ही की प्रत्येक डिव्हाइसला स्वतःचा आयपीव्ही ६ पत्ता, म्हणजे इंटरनेटवर चालतो तसला पत्ता, मिळतो. आता या रेडिओची एक फ्रेम जेमतेम १२७ बाइटची आणि आयपीव्ही ६ म्हणतं मला निदान १२८० बाइटचं पॅकेट नेता आलं पाहिजे, त्यामुळे मधे सिक्सलोपॅन नावाचा एक थर आहे जो हेडर, म्हणजे पॅकेटवरचा पत्त्याबित्त्याचा मजकूर, दाबून बारीक करतो आणि पॅकेटचे तुकडे करून पाठवतो. हे आपल्याला दिसत नाही पण त्याच्यामुळेच बटणाच्या बॅटरीवर चालणारा सेन्सर इंटरनेटच्या भाषेत पत्ता सांगू शकतो.

थ्रेडमध्ये डिव्हाइसची कामं वाटलेली असतात. कायम वीज मिळणारे बल्ब, प्लग वगैरे राउटर होतात, म्हणजे दुसऱ्यांचे निरोप पुढे ढकलतात. बॅटरीवाले झोपतात, खरंच झोपतात, रेडिओ बंद करून, आणि अधूनमधून उठून आपल्या पालक राउटरला विचारतात की माझ्यासाठी काही आलंय का. एका नेटवर्कमध्ये जास्तीत जास्त ३२ राउटर, त्यातला एक लीडर, तो गेला की दुसरा कुणीतरी आपोआप लीडर होतो, म्हणून याच्यात "मुख्य हब बंद पडला की घर मेलं" असा प्रकार नसतो. बॉर्डर राउटर हा फक्त वेशीवरचा माणूस, थ्रेडकडची पॅकेट वायफायकडे आणि वायफायकडची इकडे. त्याला बल्ब म्हणजे काय हे माहीत नाही. घरात दोन तीन बॉर्डर राउटर असले तरी बिघडत नाही, उलट बरंच.

आता निरोप. २०१९ च्या डिसेंबरमध्ये ॲपल, गूगल, ॲमेझॉन आणि झिगबी अलायन्स असे सगळे एकत्र आले, तेव्हा नाव होतं प्रोजेक्ट चिप, २०२१ मध्ये त्याचं मॅटर झालं आणि झिगबी अलायन्सनेही स्वतःचं नाव बदलून कनेक्टिव्हिटी स्टँडर्ड्स अलायन्स केलं, आणि १.० व्हर्जन २०२२ च्या ऑक्टोबरात आलं. मॅटर ठरवतं की शब्द कुठले वापरायचे. प्रत्येक डिव्हाइस म्हणजे एक नोड, नोडला एंडपॉइंट, म्हणजे त्याचे वेगवेगळे भाग, आणि एंडपॉइंटवर क्लस्टर, म्हणजे त्या भागाला जमणारं एकेक काम. चार सॉकेटची पट्टी असेल तर चार एंडपॉइंट, प्रत्येकावर ऑन-ऑफ क्लस्टर, आणि शून्य नंबरचा एंडपॉइंट हा त्या डिव्हाइसच्या स्वतःच्या माहितीसाठी राखीव. ऑन-ऑफ क्लस्टरचा नंबर ६ आहे आणि ब्राइटनेसचा ८, हे नंबर झिगबीमध्येही हेच होते, म्हणजे भाषा नवीन म्हणतात पण शब्दकोश बराचसा जुनाच उचललाय. मला तर हे बरंच वाटतं, इतक्या वर्षांत घासून गुळगुळीत झालेलं काम कशाला फेकायचं. आणि कंट्रोलर दर सेकंदाला "चालू आहेस का, चालू आहेस का" असं विचारत बसत नाही, तो एकदा सबस्क्रिप्शन घेतो आणि मग काही बदललं की डिव्हाइसच कळवतं, काही बदललं नाही तरी ठरलेल्या वेळेच्या आत एकदा "मी आहे" म्हणून हाक मारतं.

दोघं एकमेकांत गुंततात ते जोडणी करताना, आणि सगळा घोळ इथेच होतो, म्हणून हे जरा सावकाश सांगतो. तुम्ही फोनने क्यूआर कोड स्कॅन करता किंवा ११ आकडी कोड टाइप करता. त्या कोडमधून फोनला एक पासकोड मिळतो आणि कुठलं डिव्हाइस शोधायचं याची खूण मिळते. नवीन डिव्हाइस अजून कुठल्याच नेटवर्कवर नसतं, म्हणून फोन त्याला ब्लूटूथवर गाठतो. पासकोड हवेतून जात नाही, दोघांकडे तो एकच आहे हे गणिताने सिद्ध होतं आणि त्यातून किल्ली तयार होते. मग फोन डिव्हाइसचं सर्टिफिकेट तपासतो की बाबा तू अस्सल आहेस ना. मग डिव्हाइसला घरचं सर्टिफिकेट देतो. इथपर्यंत सगळं मॅटर, थ्रेडचा संबंधच आलेला नाही. आणि आता फोन ब्लूटूथवरूनच सांगतो की हे घे नेटवर्क, वायफायवालं असेल तर नाव आणि पासवर्ड, थ्रेडवालं असेल तर थ्रेडचा चॅनल, नेटवर्क की वगैरे. डिव्हाइस त्या नेटवर्कवर जातं, आणि मग फोन किंवा कंट्रोलर त्याला ब्लूटूथ सोडून आयपीवर शोधतो. सापडलं तर काम झालं. नाही सापडलं तर आत एक टायमर चालू असतो, तो संपला की डिव्हाइस मिळालेलं सगळं पुसून टाकतं आणि परत कोरं होतं.

म्हणून गाडी कुठे अडकते त्यावरून कळतं कोणाचा दोष. डिव्हाइस सुरुवातीलाच सापडत नसेल तर ब्लूटूथ बघा, नाहीतर जोडायची वेळ निघून गेली असेल, बरीच डिव्हाइस चालू केल्यावर साधारण १५ मिनिटंच "मला जोडा" म्हणत असतात, बंद करून चालू करा. पण स्कॅन झालं, तपासणी झाली, आणि "नेटवर्कला जोडत आहे" इथे चाक फिरत बसलं तर मॅटर निर्दोष आहे, निरोप्या अडलाय. वायफायवाल्या डिव्हाइसला बहुतेकदा २.४ गिगाहर्ट्झच लागतं, थ्रेडवाल्याला बॉर्डर राउटर लागतो, आणि दोघांनाही तुमच्या घरच्या वायफाय राउटरने आयपीव्ही ६ आणि मल्टिकास्ट, म्हणजे एकदम अनेकांना मारलेली हाक, अडवलेलं चालत नाही, कारण डिव्हाइसची शोधाशोध एमडीएनएस नावाच्या पद्धतीने होते आणि ती मल्टिकास्टवर चालते. फोन गेस्ट नेटवर्कवर आणि कंट्रोलर मेन नेटवर्कवर असला तर दोघं एका भिंतीच्या दोन बाजूंना बसून एकमेकांना हाका मारतात, असं होतं.

अजून एक जोडी आहे जी लोक हमखास गोंधळतात, फॅब्रिक आणि थ्रेड नेटवर्क. फॅब्रिक हे मॅटरचं, म्हणजे कोण कोणावर विश्वास ठेवतो. थ्रेड नेटवर्क म्हणजे कोण कोणाला ऐकू येतो. एकाच फॅब्रिकमध्ये वायफायचा प्लग आणि थ्रेडचा सेन्सर सुखाने नांदतात. उलट एकच डिव्हाइस निदान पाच फॅब्रिकमध्ये राहू शकेल एवढी सोय मॅटरने सक्तीची केलीय, म्हणजे घरात एकाचा फोन एका कंपनीचा आणि दुसऱ्याचा दुसऱ्या कंपनीचा, दोन्ही ॲपमधून तोच दिवा लागतो. पण थ्रेडच्या बाबतीत डिव्हाइस एका वेळी एकाच नेटवर्कमध्ये असतं. मग दुसऱ्या कंपनीचा कंट्रोलर त्याच्याशी बोलतो कसा, तर पहिल्याच्या बॉर्डर राउटरमधून, कारण शेवटी सगळं आयपी आहे आणि वेशीवरचा माणूस कोणाचंही पॅकेट नेतो. त्रास असा झाला की वेगवेगळ्या कंपन्यांच्या बॉर्डर राउटरनी घरात आपापली वेगळी थ्रेड नेटवर्कं उभी केली, बल्ब एकात आणि सेन्सर दुसऱ्यात, शेजारी शेजारी असून एकमेकांचे निरोप न्यायला तयार नाहीत. २०२४ मध्ये आलेल्या थ्रेड १.४ मध्ये यावर उपाय केलाय, नेटवर्कची माहिती एकमेकांना द्यायची ठरलेली पद्धत आणली, पण तुमच्या घरातल्या जुन्या डब्यांना तो अपडेट मिळेल तेव्हा खरं.

विश्वासाचा मुद्दा निघालाच आहे तर सांगतो, थ्रेडची नेटवर्क की सगळ्या डिव्हाइसना सारखी असते, पण मॅटरच्या किल्ल्या कंट्रोलर आणि त्या त्या डिव्हाइसमध्येच असतात. म्हणून दाराच्या कुलपाचा निरोप बल्बमधून पुढे गेला तरी बल्बला तो वाचता येत नाही. पाकीट सीलबंद.

एक असतो आणि दुसरा नसतो असं पण सर्रास चालतं. थ्रेड आहे आणि मॅटर नाही: मॅटर यायच्या आधी, २०२० मध्ये ॲपलचा होमपॉड मिनी स्पीकर आला तेव्हापासून होमकिटची, म्हणजे ॲपलच्या स्मार्ट घराच्या पद्धतीची, काही डिव्हाइस थ्रेडवर चालायची, त्यातल्या ज्यांना फर्मवेअर अपडेट मिळाला ती मॅटरची झाली, बाकीची तशीच. मॅटर आहे आणि थ्रेड नाही: फ्रिज, वॉशिंग मशीन, डिशवॉशर, एसी, हे प्रकार मॅटर १.२ मध्ये २०२३ ला आले, आणि यांना वीज कायम असते, झोपायची गरज नाही, वायफाय मस्त चालतं. आणि ज्यांच्याकडे मॅटर पण नाही, थ्रेड पण नाही असे झिगबीचे जुने बल्ब, ते ब्रिज लावून मॅटरमध्ये आणता येतात, तिथे ब्रिज हा दुभाषा असतो. बॉर्डर राउटर आणि ब्रिज या दोघांना लोक सर्रास हब म्हणतात आणि मग फोनवर अर्धा तास भांडण चालतं.

चालू घरात बिघाड झाला तरी हाच प्रश्न आधी विचारायचा. सेन्सर कधी दिसतो कधी गायब होतो, आणि बघावं तर कुणीतरी भिंतीवरचा स्विच बंद करून दिवा घालवलाय, तो दिवा राउटर होता, सेन्सरला नवा पालक शोधावा लागतो, लांब असेल तर सापडत नाही. हे थ्रेडचं दुखणं, मधे एखादा कायम चालू राहणारा थ्रेडवाला प्लग ठेवा. पण एसी चालू बंद होतो, आणि फॅनचा स्पीड मात्र ॲपमध्ये दिसतच नाही, तर कितीही बॉर्डर राउटर आणा, तो दिसणार नाही, कारण निरोप पोचतोय, कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरला तो शब्द अजून शिकवलेला नाही किंवा एसीनेच तो क्लस्टर दिलेला नाही.

आणि ॲपमधून डिव्हाइस काढलं की ते फक्त त्या फॅब्रिकमधून जातं, बाकीच्या फॅब्रिकमध्ये असेल तर तिथे चालूच राहतं, शेवटचं फॅब्रिक काढलं की मगच नेटवर्कची माहितीही जाते. परत जोडायला कोड लागणार, आणि तो कोड बऱ्याचदा बल्बच्या बुडाशी छापलेला असतो, म्हणजे बल्ब छतात बसवण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवलेला बरा. मी दोनदा शिडी चढलोय.