रुळाला तडा गेला म्हणजे नक्की काय झालं?

डिसेंबर-जानेवारीत सकाळी ठाणे स्टेशनवर उभं राहिलं की कधी ना कधी अनाउन्समेंट कानावर येतेच, अमुक ठिकाणी रुळाला तडा गेल्याने गाड्या उशिराने धावतायत. प्लॅटफॉर्मवर सगळे शिव्या घालतात, मीपण घालायचो. पण तो तडा बऱ्याचदा त्या सकाळचा नसतोच, आत कधीपासून वाढत असतो, थंडीने रूळ आकसून ताणला जातो तेव्हा फक्त उघडा पडतो. एवढी साधी गोष्ट कळायला शंभर वर्षं गेली आणि माणसंही बरीच गेली.

सुरुवात फ्रान्समधून. ८ मे १८४२, व्हर्सायहून पॅरिसला परतणारी गाडी, पुढच्या इंजिनाचा अ‍ॅक्सल (दोन चाकं जोडणारा दांडा) तुटला, मागचे डबे इंजिनांवर चढले आणि आग लागली. ५० हून जास्त लोक गेले, कारण डब्यांची दारं बाहेरून कुलूप लावून बंद होती (हो, प्रवासी मधेच उतरू नयेत म्हणून). म्हणजे बघा, अ‍ॅक्सल तुटला म्हणून अपघात झाला आणि कुलूप होतं म्हणून एवढी माणसं जळाली, ही दोन वेगळी कारणं आहेत. कुलपाची पद्धत तिथे लगेच बंद झाली. अ‍ॅक्सल मात्र कोडंच राहिला. तुटलेला भाग दाणेदार दिसायचा म्हणून लोक म्हणायचे की हादरे खाऊन लोखंडाचे स्फटिक होतात. रँकिन नावाच्या तरुण इंजिनिअरने १८४३ मध्ये सांगितलं की तसं काही नाही, जिथे अ‍ॅक्सलची जाडी एकदम बदलते त्या कोपऱ्यातून तडा हळूहळू आत सरकतो. फार कुणी मनावर घेतलं नाही. १८५३ ला बोरीबंदरहून आपल्या ठाण्यात पहिली गाडी आली ना, तेव्हा तिचे अ‍ॅक्सल किती दिवस टिकतील हे नेमकं मोजायची रीतच कुणाकडे नव्हती.

ती रीत जर्मनीत ऑगस्ट व्होलरने काढली. रेल्वेतलाच माणूस. त्याने धावत्या गाडीच्या अ‍ॅक्सलवर प्रत्यक्ष किती ताण येतो ते मोजलं, मग मशीनवर अ‍ॅक्सल फिरवत ठेवले, लाखो वेळा, तुटेपर्यंत. १८७० पर्यंत निष्कर्ष हातात होते, की एका झटक्यात जो भार लोखंड आरामात झेलतं त्याच्याहून कमी भारही पुन्हा पुन्हा आला तर ते तुटतं, आणि एका मर्यादेखाली ठेवलं तर टिकून राहतं. अपघातानंतर कारण शोधणं हे काम तोपर्यंत होतंच, पण आधी सांगणं, की हा एवढ्या फेऱ्यांनी जाईल, हे माझ्या मते इथून सुरू झालं.

तरी भाकीत चुकतंच. कॉमेट या ब्रिटिश जेट प्रवासी विमानाच्या केबिनची कंपनीने आधी धातूच्या थकव्याची चाचणी घेतली होती, हजारो वेळा दाब देऊन, पास! पण चाचणीचा तो भाग त्याआधीच जास्त दाब देऊन तपासलेला होता, आणि त्या दाबाने खिडकीच्या कोपऱ्यातला धातू उलट मजबूत झाला होता. प्रवाशांना नेणारं विमान जानेवारी १९५४ मध्ये एल्बा बेटाजवळ पडलं, १२९० उड्डाणांत. एप्रिलमध्ये दुसरं. मग इंग्लंडमधल्या फार्नबरोला आख्खं विमान पाण्याच्या टाकीत ठेवून दाब दिला आणि केबिन कोपऱ्यातूनच फाटली.

आमच्या कळव्यात एक काका आहेत, ट्रॅकवर नोकरी केलेले. त्यांच्या वेळची अल्ट्रासोनिक ट्रॉली ते हाताने करून दाखवतात, दोघं ढकलत चाललेत, रुळावर पाणी सोडतायत कारण पाणी नसेल तर आवाज पोलादात शिरतच नाही. "आवाज मधूनच परत आला की समज आत काहीतरी आहे," म्हणतात. मग तिथे रंगाची खूण, फिशप्लेट (रुळाला बाजूने आवळायची लोखंडी पट्टी) आणि गाडीला काशन, म्हणजे तिथून हळू जायची सूचना. रूळ वरून चकचकीत असतो हो, म्हणूनच हा उपद्व्याप.

आता दुसरा तडा, जो ट्रॉलीत दिसत नाही. आपल्याकडे रेल्वे अपघाताची चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात आणि हे खातं नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतं. ऐकून गंमत वाटते, पण कारण सरळ आहे, रेल्वे चालवणाऱ्यानेच रेल्वेची चौकशी करू नये म्हणून १९४१ मध्येच निरीक्षकांना रेल्वे बोर्डापासून वेगळं केलं. २ जून २०२३ ला बालासोरजवळ कोरोमंडल एक्सप्रेस लूप लाइनवर (मुख्य मार्गाच्या बाजूच्या रुळावर) उभ्या मालगाडीवर आदळली, २९० हून जास्त लोक गेले, तेव्हाही अहवाल याच खात्याचा. रेल्वे फाटकाच्या कामात सिग्नलच्या तारा चुकीच्या जोडल्या गेल्या, हे तर झालंच. पण आयुक्त मागे गेले. २०१८ मध्ये तिथल्या गुमटीत (सिग्नलच्या यंत्रणेच्या खोलीत) सर्किट बदललं होतं तेव्हाच चूक झाली होती आणि पेटीतल्या तारांवर चुकीची नावं वर्षानुवर्षं तशीच होती. आणि त्याच दक्षिण पूर्व रेल्वेवर बांकडानयाबाज स्टेशनात १६ मे २०२२ ला चुकीच्या वायरिंगनेच असा प्रकार घडला होता. तेव्हा दुरुस्तीची पावलं उचलली असती तर बालासोर झालं नसतं, असं अहवालात आहे.

काकांना हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे खूण होती, काशन लावलं नाही."