रिमॅपने प्रत्येक गाडीची पॉवर 25-30 टक्के वाढते का?

"ईसीयू रिमॅप करा, कुठल्याही गाडीला 25-30 टक्के पॉवर जास्त" हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. (ईसीयू म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, रिमॅप म्हणजे त्याचं सॉफ्टवेअर बदलणं.) टर्बो गाडीत असं होऊ शकतं, कारण टर्बो हवा दाबून आत ढकलतो आणि तो दाब किती ठेवायचा ते ईसीयू ठरवतो, म्हणजे सॉफ्टवेअर बदललं की हवा जास्त, मग इंधन जास्त, मग पॉवर (क्लच-गिअरबॉक्सला झेपेल तेवढीच हं). बिनटर्बोचं इंजिन मात्र बाहेरच्या हवेच्या दाबावरच, साधारण 1 बारवर, श्वास घेतं आणि तो काही सॉफ्टवेअरने वाढत नाही, त्यामुळे फरक बहुतेक वेळा 5 टक्क्यांच्या आसपासच. तिथे जास्त पॉवर हवी तर कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) किंवा हेडर (एक्झॉस्टचे पाइप) बदलणं, कॉम्प्रेशन वाढवणं असली खर्चिक कामंच करावी लागतात. तपासायचंय? रिमॅपच्या आधी आणि नंतर एकाच डायनोवर (गाडीची पॉवर मोजायचं मशीन) रीडिंग घ्या, दोन्ही प्रिंट मागून घ्या.