शब्दमोजणीची सुरुवात

नवी भाषा शिकताना कोणते शब्द आधी घ्यावेत, हा प्रश्न शिक्षकांचा. पण शब्द मोजायला पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर बसले ते लघुलिपीवाले, म्हणजे शॉर्टहँडवाले. हात वेगाने चालायचा तर सारखे येणारे शब्द ठाऊक हवेत, म्हणून जर्मनीत केडिंग यांनी असंख्य मदतनीस हाताशी घेऊन सुमारे १ कोटी १० लाख शब्दांची मोजदाद केली. १८९८च्या आसपास, सगळी हातानं! १९२१मध्ये अमेरिकेत थॉर्नडाइक यांनी १० हजार शब्दांची यादी काढली, तीही मुळात इंग्रजीतच वाढणाऱ्या मुलांच्या शिक्षकांसाठी.

परभाषा शिकणाऱ्याची अडचण नेमकी हेरली ती मायकेल वेस्ट यांनी. ढाक्यात शिकवताना त्यांना दिसलं, की पाठ्यपुस्तकात अनोळखी शब्दांची इतकी दाटी असते की मुलांचं वाचन पुढे सरकतच नाही. त्यांनी दुर्मीळ शब्द काढून रुळलेले घातले, नवे शब्द विरळ पेरले. १९५३मध्ये आलेल्या त्यांच्या सुमारे २ हजार शब्दांच्या यादीत एकेका शब्दाचा कोणता अर्थ किती टक्के वेळा येतो हेही दिलं होतं. ते फार मोलाचं आहे, कारण शिकणाऱ्याला अडवतो तो बहुतेकदा ओळखीच्या शब्दाचा अनोळखी अर्थ.

नुसती मोजणी कुठे तोकडी पडते, हे फ्रान्समध्ये उघड झालं. १९५०च्या दशकात गुगेनहाइम आणि सहकाऱ्यांनी लोकांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून शब्द मोजले. ‘असणे’, ‘करणे’ यांसारखी क्रियापदं ढिगानं आली. पण जेवताना रोज हातात असणारा काटा, म्हणजे ‘फुर्शेत’, यादीत जवळपास नाहीच. वस्तू समोर असते, तिचं नाव घ्यायची वेळ येत नाही! मग त्यांनी शाळकरी मुलांना शरीर, कपडे, स्वयंपाकघर असे विषय देऊन सुचतील ते शब्द लिहायला लावले. तिथे असे शब्द चटकन आले. वारंवारितेच्या जोडीला ‘हाताशी असलेला शब्द’ ही कसोटी आली ती अशी. मला तरी या इतिहासातला हाच सर्वांत सुंदर शोध वाटतो.

पुढे संगणक आला, मोजणी सोपी झाली. २००६मध्ये पॉल नेशन यांनी हिशेब मांडला: इंग्रजी पुस्तकातले ९८ टक्के शब्द ओळखीचे वाटायला ८ ते ९ हजार शब्दकुळं (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कूळ) लागतात. पहिली २ हजार त्यातला फार मोठा वाटा उचलतात. नंतरच्या प्रत्येक हजारामागे पदरात पडणारी भर मात्र घटत जाते.