यानोमामी भाषा: नाकातले स्वर आणि क्रियापदातली साक्ष

ब्राझील आणि व्हेनेझुएला यांच्या सीमेवर, ओरिनोको आणि आमेझॉन यांच्या उपनद्या जिथे उगम पावतात त्या डोंगराळ अरण्यात यानोमामी लोक राहतात. दोन्ही देशांत मिळून त्यांची संख्या ३०,००० हून अधिक आहे. त्यांची बोली एकच नसून ते एकमेकींच्या जवळच्या भाषांचे एक कुटुंब आहे. भाषाशास्त्रज्ञ अर्नेस्ट मिल्याझा यांनी १९७२ मध्ये या कुटुंबात चार भाषा मोजल्या होत्या, तर २०१९ मध्ये ब्राझीलमध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्या सहा धरल्या गेल्या. त्यांपैकी यानोमा या भाषेचे भाषक दोनशेसुद्धा नाहीत. जगातल्या इतर कोणत्याही भाषाकुटुंबाशी या भाषांचे नाते आजवर सिद्ध झालेले नाही.

अरण्यात राहणाऱ्या, लिपी नसलेल्या समाजाची भाषा साधी आणि तोकडी असणार, हा समज अजूनही अनेकांच्या मनात असतो. या भाषांचे व्याकरण थोडे जरी पाहिले तरी तो टिकत नाही.

आधी उच्चार पाहू. मूळ स्वर सात आहेत. आ, इ, उ, ए, ओ हे पाच आपल्याला परके नाहीत, आणि सहावा आपल्या 'घर'मधल्या अकाराच्या जवळ जातो. सातवा मात्र मराठीत नाही: जीभ उंच ठेवून तोंडाच्या मध्यभागी, ओठांचा चंबू न करता तो उच्चारायचा असतो आणि कानाला तो इ आणि उ यांच्या मधला वाटतो. व्यंजने थोडी आहेत. प, त, क आहेत, पण त्यांच्यापासून ब, द, ग वेगळे धरले जात नाहीत. मराठीत महाप्राण व्यंजनांची सबंध फळी आहे, तर तिथे त आणि थ एवढाच भेद अर्थ बदलतो, प-फ किंवा क-ख नाही.

खरी गंमत अनुनासिकात आहे. सातही स्वर नाकातून उच्चारता येतात आणि त्याने अर्थ बदलतो. शिवाय शब्दात एखादा स्वर अनुनासिक झाला की त्याच्यानंतरचे सगळे स्वरही अनुनासिक होतात. यानोमामी हे नाव त्यांच्या तोंडी पहिल्या 'या'पासूनच नाकात जाते आणि शेवटपर्यंत नाकातच राहते. प्रमाण मराठीच्या उच्चारातून अनुनासिक स्वर जवळपास गेले आणि १९६२ च्या लेखननियमांनी 'केलें', 'घरें' यांवरचे अनुस्वारही काढून टाकले. कोकणीत ते अजून जिवंत आहेत, म्हणून गोव्याच्या वाचकाला हा भाग अधिक सहज कळेल.

व्याकरणात काही गोष्टी ओळखीच्या भेटतात. कर्ता, कर्म, क्रियापद हा वाक्यातला क्रम आपलाच आहे. 'आपण' आणि 'आम्ही' यांच्यातला, म्हणजे ऐकणाऱ्याला धरून आणि वगळून असा भेद या कुटुंबातल्या बहुतेक भाषांत आहे, मात्र यानाम आणि यानोमाम यांत तो लोपला आहे. 'रामाने आंबा खाल्ला' यातल्या 'ने'सारखा, सकर्मक क्रियापदाच्या कर्त्याला लागणारा प्रत्ययही तिथे आहे. 'मला कुऱ्हाड हवी' हे 'कामिय-नि सिपारा या-पुहि-इ' असे म्हणतात. यात 'कामिय' म्हणजे मी, 'नि' हा कर्त्याचा प्रत्यय, 'सिपारा' म्हणजे कुऱ्हाड आणि 'पुहि' म्हणजे हवे असणे. आपल्याकडे 'मी'ला 'ने' लागत नाही, तिथे लागतो. शिवाय क्रियापदाच्या आरंभीचा 'या' पुन्हा 'मी'च सांगतो. बोलण्याचा रोख कुऱ्हाडीवर नसेल तर 'कामिय-नि या-सिपारा-पुहि-इ' म्हणायचे, म्हणजे कुऱ्हाड थेट क्रियापदाच्या पोटात जाते.

क्रियापदाच्या धातूआधी वर्गदर्शकही येतात आणि ते शंभराच्या आसपास आहेत. वस्तू कोणत्या जातीची आहे हे त्यांतून कळते. वनस्पती, पाणी यांच्या नावांतही असे घटक दिसतात. ज्या झाडाच्या सालीपासून शामान, म्हणजे आत्म्यांशी संवाद साधणारे वैदू, नस्य (नाकात ओढायची पूड) बनवतात ते 'याकोआना हि', बकाबा नावाचा ताड 'होको सि' आणि पाणी 'माउ उ': 'हि' वृक्षासाठी, 'सि' ताडासाठी, 'उ' द्रवासाठी आणि नद्यांसाठीही. विशेषण हा वेगळा वर्गच नाही. 'मोठे असणे', 'कठीण असणे' अशी स्थितिवाचक क्रियापदे ते काम करतात.

मला सर्वांत मोलाची वाटते ती ज्ञानस्रोताची, म्हणजे सांगणाऱ्याला ती गोष्ट कशी कळली याची नोंद. 'तो काल आला म्हणे' यातला 'म्हणे' ऐकीव माहिती दाखवतो आणि 'आला असावा' यात तर्क असतो, पण मराठी माणसाने दोन्ही टाळून 'तो आला' एवढेच म्हटले तरी वाक्य पुरे होते. या कुटुंबातल्या यानोमामी नावाच्याच भाषेत स्वतः पाहिलेले, खुणांवरून ताडलेले, दुसऱ्याकडून ऐकलेले आणि नुसते गृहीत धरलेले असे चार स्तर क्रियापदावरच नोंदवले जातात. इतर भाषांत हे स्तर कमी आहेत, पण म्हणून त्यांची व्यवस्था सोपी होत नाही. डोनाल्ड बोर्गमन यांनी १९९० मध्ये सानुमा भाषेचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात प्रत्यक्ष पाहिलेल्या वर्तमान घटनेच्या खुणांमध्ये स्थळही मिसळलेले दिसते: ती जवळ घडते आहे की लांब, नदीच्या वरच्या अंगाला की खालच्या.