मासेमारीत उचलीपोटी राबणाऱ्या मुलाची सुटका : अर्ज, पात्रता, कागदपत्रे

धरणात ठेकेदाराची जाळी ओढणारे किंवा बंदरावर मासळी निवडणारे मूल उचल फेडण्यासाठी राबत असेल, तर अर्जाच्या पहिल्याच ओळीत ‘वेठबिगार’ असे लिहा. नुसते ‘बालकामगार’ लिहिले की पुनर्वसनाची मोठी मदत हुकते. उचल बापाने घेतलेली असली तरी मूल पात्र ठरते. 1976 च्या वेठबिगार पद्धत (निर्मूलन) कायद्यात तशी तरतूद आहे. ‘आईबापांसोबत आलेय’ ही ठेकेदाराची सबब टिकत नाही. त्याचा धंदा हा त्या कुटुंबाचा धंदा नव्हे.

अर्ज कोणीही, साध्या कागदावर करू शकतो. तो मूल जिथे राबते तिथल्या जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे द्या. ठेकेदाराचे नाव, उचलीची रक्कम, मजुरी, मारहाण, गावी जाऊ देतात का, हे लिहा. नेमका काठ आणि मुले काठावर असण्याची वेळही हवीच. पाणी ओसरले की झोपड्या पुढे सरकतात, रात्री होड्या पाण्यात असतात आणि सोडवायला आलेले पथक रिकाम्या हाताने परतते. तक्रारीसाठी आधार कार्ड किंवा दाखला लागत नाही. जिवाला धोका असेल तर आधी 1098 (मुलांची हेल्पलाइन) किंवा 112 (पोलिस मदत) लावा.

सुटकेनंतर प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत मुलाला बाल कल्याण समितीपुढे नेणे बंधनकारक आहे. परस्पर गावी पाठवू देऊ नका. वयासाठी शाळेचा दाखला, तो नसल्यास जन्मदाखला, दोन्ही नसतील तर वैद्यकीय तपासणी. जबाब ठेकेदार समोर नसताना, मुलाच्या बोलीत घ्यायला सांगा. वेठबिगारीतून सुटल्याचा सरकारी कागद, म्हणजे मुक्तता दाखला, याच जबाबावर मिळतो. तो प्रत्येकाचा वेगळा घ्या. बापाच्या एकट्याच्या दाखल्यावर मुलाला काहीच मिळत नाही, आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होते.

केंद्रीय योजनेत मुलासाठी 2 लाख रुपये आहेत. 30,000 पर्यंतची तातडीची मदत जिल्हा निधीतून मिळते. पूर्ण रक्कम वेठबिगारी सिद्ध झाल्यावर मिळते, पण खटला संपला नाही म्हणून मदतीचा प्रस्ताव अडवता येत नाही. उचल कायद्यानेच रद्द होते. एक रुपयाही परत करायचा नाही.

प्रस्तावाला मुक्तता दाखला, आधार आणि बँक खाते लागते. आधार कार्डे, पासबुके बऱ्याचदा ठेकेदाराने ठेवून घेतलेली असतात. सुटकेच्या दिवशीच ती पंचनाम्यात जप्त करून घ्या. नंतर ‘माझ्याकडे नव्हतीच’ असे उत्तर येते.